पोट साफ करण्याचा कागद आणि कंबरेखाली जाणीव नसलेला रुग्ण

जळगाव-धुळ्याकडे कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, ठरली की हातात एक कागद पडतो. बियांचं खाऊ नका, म्हणजे वांग्याचं भरीतही बंद, पावडर पाण्यात कालवून प्या, संडासाजवळच राहा. शेवटची सूचना चालत्याफिरत्या माणसासाठी आहे. झाडावरून पडून मज्जारज्जूला मार बसलेल्याने तिचं काय करायचं?

हा प्रश्न पूर्वी फारसा उद्भवत नसे, कारण असे रुग्ण जगतच नसत. लघवीचा जंतुसंसर्ग आणि पाठीवरच्या जखमा त्यांना लवकर नेत. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉक्टर लुडविग गुटमन यांनी खास विभाग सुरू केला, कूस बदलण्यापासून शिस्त लावली, आणि हे चित्र पालटू लागलं. आता असा रुग्ण पन्नाशी-साठी गाठतो आणि आतड्याच्या तपासणीच्या वयात येतो.

तपासणी स्वतः नंतरची. १९६९ मध्ये न्यूयॉर्कला वुल्फ आणि शिन्या या डॉक्टरांनी दुर्बिणीतूनच पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या भिंतीवरची वाढ, काढायला सुरुवात केली. तेव्हाची तयारी म्हणजे एरंडेल, एनिमा आणि काही दिवस पातळ खाणं. १९८० मध्ये पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि क्षारांचं द्रावण आलं. ते फारसं शोषलं जात नाही, म्हणून चार लिटर पोटात गेलं तरी अंगातलं पाणी-क्षार ढळत नाहीत. सोडियम फॉस्फेट प्यायला कमी लागे, पण त्याने काहींचे मूत्रपिंड निकामी झाले आणि २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कडक इशारा दिला.

मज्जारज्जूच्या रुग्णाचं आतडं मुळातच संथ. नेहमीच्या डोसनंतरही मळ उरतो, दुर्बिणीला भिंत दिसत नाही, तपासणी वाया जाते. म्हणून तयारी जास्त दिवसांची करावी लागते. अमेरिकेत निओस्टिग्मिन हे आतड्याची हालचाल वाढवणारं औषध वापरून पाहिलं गेलं. पण त्याने नाडी मंदावते, त्यामुळे ते घरी घेण्याचं औषध नव्हे.

आणि एक धोका त्या छापील कागदावर सहसा नसतोच. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल, तर तुंबलेलं आतडं किंवा एनिमाची नळीसुद्धा रक्तदाब एकाएकी भडकवू शकते. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. अशा वेळी रुग्णाला लगेच बसतं करायचं, एनिमा थांबवायचा, डॉक्टरांना बोलवायचं. शिवाय रात्रभर जुलाब होत असताना जाणीव नसलेली कातडी ओली राहिली तर जखम होते. रावेर-चोपड्याच्या खेड्यात हे सगळं एकट्या बायकोवर किंवा आईवर सोडणं मला अन्यायाचं वाटतं. या रुग्णाला तयारीसाठीच आधी भरती करून घ्यावं, आणि ते घरच्यांनी तारीख घेतानाच मागावं.