डीजीएमओ हॉटलाइन (भारत–पाकिस्तान)

भारत आणि पाकिस्तान यांच्या लष्करी मुख्यालयांमधली थेट दूरध्वनी वाहिनी. एका टोकाला नवी दिल्ली, दुसऱ्या टोकाला रावळपिंडी. बोलणारे अधिकारी म्हणजे दोन्ही सैन्यांचे लष्करी कारवाई महासंचालक, ज्यांना बातम्यांत सर्रास ‘डीजीएमओ’ म्हणतात. भारतात हे पद लेफ्टनंट जनरल दर्जाचे आहे, पाकिस्तानात अलीकडे मेजर जनरल ते सांभाळतात.

१९७१ च्या युद्धानंतर ही वाहिनी सुरू झाली. पुढे ती अडगळीत पडली; डिसेंबर १९९० मध्ये आठवड्यातून एकदा तरी बोलायचे ठरले आणि त्यासाठी मंगळवार रूढ झाला. मंगळवारी बहुधा हाताखालचे अधिकारीच बोलतात आणि नेहमीच्या तक्रारी, माहिती एकमेकांच्या कानावर घालतात. महासंचालक स्वतः फोनवर आले, की मात्र बातमी होते.

हॉटलाइन नव्हती तेव्हाही सेनानी बोलत. एप्रिल १९६५ मध्ये कच्छच्या रणात चकमकी चालू असताना पाकिस्तानचे हवाईदलप्रमुख असगर खान यांनी भारताचे हवाईदलप्रमुख अर्जन सिंग यांना फोन केला. दोघे ब्रिटिश अमदानीतले जुने सहकारी. दोन्ही हवाई दले त्या लढाईपासून लांब राहिली. सप्टेंबरमध्ये जम्मूतल्या छांबवर पाकिस्तानचा हल्ला झाला, तेव्हा मात्र विमाने उडवण्याचा हुकूम अर्जन सिंग यांना संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्याकडूनच घ्यावा लागला. यशवंतरावांनी तो तिथल्या तिथे दिला.

या वाहिनीचा खरा पेच इथेच आहे. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ५३ नुसार सैन्याचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे आणि ते प्रत्यक्षात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालते. म्हणजे रिसीव्हर गणवेशातल्या माणसाच्या हाती, पण काय बोलायचे ते मुलकी सत्तेने ठरवायचे. २९ सप्टेंबर २०१६ रोजी भारताचे महासंचालक ले. जन. रणबीर सिंग यांनी नियंत्रण रेषेपलीकडच्या कारवाईची माहिती पाकिस्तानी समपदस्थाला दिल्याचे जाहीर केले. ही कारवाई पुढे चालू ठेवण्याचा इरादा नाही, हेही सांगितले. असे आश्वासन कोणताही महासंचालक स्वतःच्या अखत्यारीत देऊ शकत नाही.

पाकिस्तानात हा हिशेब उलटा आहे. १९९९ मध्ये कारगिलची मोहीम आपल्याला नीट सांगितलीच नव्हती, असे पंतप्रधान नवाज शरीफ पुढे म्हणत राहिले. लष्करप्रमुख परवेझ मुशर्रफ यांनी ते नाकारले. ४ जुलैला शरीफ वॉशिंग्टनमध्ये माघारीला राजी झाले. सैन्य मागे कसे घ्यायचे, हे ११ जुलैला अटारी येथे दोन्हीकडचे महासंचालक, भारताचे ले. जन. निर्मलचंद्र विज आणि पाकिस्तानचे ले. जन. तौकीर झिया यांनी समोरासमोर बसून ठरवले. १२ ऑक्टोबरला मुशर्रफ यांनी शरीफ यांची सत्ता उलथवली. समोरचा महासंचालक बोलतो तेव्हा तो कोणाच्या वतीने बोलतो, हा प्रश्न दिल्लीला तेव्हापासून अधिकच सतावतो.

नोव्हेंबर २००३ ची शस्त्रसंधी पाकिस्तानचे पंतप्रधान जमाली यांच्या जाहीर प्रस्तावातून आली आणि हॉटलाइनवर पक्की झाली. २५ फेब्रुवारी २०२१ चे संयुक्त निवेदन तर महासंचालकांच्याच नावाने निघाले.

मे २०२५ मध्ये या फोनचे महत्त्व एकदम वाढले. ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाल्यावर आपण संपर्क साधायचा प्रयत्न केला, पण तो झिडकारला गेला, असे भारताचे महासंचालक ले. जन. राजीव घई यांनी सांगितले. १० मे रोजी दुपारी ३.३५ वाजता फोन पाकिस्तानकडून आला आणि सायंकाळी ५ पासून गोळीबार थांबवायचे ठरले. हे जगाला आधी कळले ते अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांच्या समाजमाध्यमावरून. त्याच दिवशी परराष्ट्रमंत्री रुबिओ पाकिस्तानचे लष्करप्रमुख असीम मुनीर यांच्याशी थेट बोलले होते. भारताने मात्र जे ठरले ते दोन महासंचालकांत ठरले, यावर बोट ठेवले. सिमला करारातला ‘प्रश्न आपसांत सोडवू’ हा आग्रह टिकवायचा, तर पुराव्यादाखल दाखवायला हा एक फोनच उरला होता.

१२ मेच्या संभाषणात सीमेवरचे सैन्य कमी करण्याचा विचार करायचे ठरले. या समजुतीला अखेरची तारीख नाही, असे भारतीय लष्कराने १८ मे रोजी स्पष्ट केले.