गडद मध म्हणजेच अस्सल मध?

वर्षानुवर्षे फिरणारा समज असा: गडद, उग्र चवीचा कच्चा मधच अस्सल, फिका आणि सौम्य असेल तर त्यात साखरेचा पाक.

मधाचा रंग आणि चव प्रामुख्याने ठरते ती मधमाश्यांनी कोणत्या फुलांचा मकरंद आणला यावर. रोबिनिया या झाडाच्या फुलांचा मध जवळजवळ पारदर्शक, चवीला हलका. कुट्टूच्या फुलांचा काळसर, काकवीसारखा. दोन्ही तितकेच अस्सल. गडद मधात खनिजे साधारणपणे जास्त असतात, हे खरे. पण फिका मध तापवला किंवा बराच काळ ठेवला तरी गडद होतो, म्हणून नुसत्या रंगावर भरवसा ठेवू नका.

पाण्यात थेंब टाकून पाहणेही निरुपयोगी: दाट पाकसुद्धा तसाच तळाशी बसतो. भेसळीचा खात्रीचा निकाल प्रयोगशाळेतच लागतो.

निवड मात्र जिभेने करावी. आधी फिका, मग गडद, प्रत्येकी अर्धा चमचा. मध्ये पाण्याचा घोट. जिभेवर दहा सेकंद धरा, उग्रपणा उशिरा उमटतो. चहाला किंवा फळांना सौम्य मध बरा, त्यांची चव झाकली जात नाही. जाडसर पिठाच्या पावाला उग्रच हवा.