लष्करातून निघालेला ट्रक घेताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या कार्यशाळेत येणाऱ्यांपैकी कुणाला लष्करी ट्रकवर राहती खोली बांधून लांब भटकायचं असतं, कुणाला चिखलातून लाकूड ओढायचं असतं, तर कुणाला एक जुनी गाडी मोडीत जाण्यापासून वाचवायची असते. तिन्ही हौशींची आम्हाला कदर आहे. ट्रक घेऊ नका असं सांगण्यासाठी हे पत्रक लिहिलेलं नाही. घेतलेला ट्रक चालता राहावा, आणि त्यापायी कुणाला इजा होऊ नये, एवढ्यासाठी ते आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. लष्करात हा ट्रक एकट्या ड्रायव्हरच्या जिवावर चालत नव्हता. रोज तेलपाणी पाहणारा चालक, युनिटचे फिटर, सुट्या भागांचं कोठार आणि काही वर्षांनी गाडी पूर्ण खोलून पुन्हा बांधणारा डेपो, एवढं सगळं त्याच्यामागे होतं. लिलावात ट्रक मिळतो, ही माणसं मिळत नाहीत. त्यांचं काम आता तुमच्याकडे येतं. जे मालक हे मनापासून पत्करतात, त्यांच्या गाड्या वर्षानुवर्षं नीट चालतात.

गाडी कोणती?

बाजारात सर्वांत जास्त चर्चा असते ती अमेरिकी एम३५ए२ची, म्हणजे ‘अडीच टनी’ची. हे नाव रस्ता सोडून वाहायच्या वजनावरून पडलं. पक्क्या रस्त्यावर हाच ट्रक दुप्पट भार घेतो. रिकामा असताना वजन सुमारे ६ टन, वेग जेमतेम ताशी ९० किलोमीटर, आणि डिझेल एका लिटरला साधारण ३ ते ५ किलोमीटर. इंजिन ७.८ लिटरचं, सहा सिलिंडरचं, ‘मल्टिफ्युएल’ म्हणून ओळखलं जाणारं. डिझेल, रॉकेल, विमानाचं इंधन, अडचणीला पेट्रोलचं मिश्रणसुद्धा चालावं म्हणून ते बनवलं होतं. पण ती अडचणीच्या वेळेची सोय होती. गॅरेजमधलं जळकं ऑइल टाकीत ओतून पैसे वाचवणाऱ्यांचे तुंबलेले फिल्टर आणि बसलेले पंप आमच्याकडेच येतात. स्वच्छ डिझेल वापरा.

युनिमोग ४०४ हा जर्मन ट्रक १९५५ ते १९८० या काळात बनला. पेट्रोलवर चालणारं २.२ लिटरचं इंजिन आणि पोर्टल एक्सल. या रचनेत एक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर बसतो, त्यामुळे पोटाखाली भरपूर जागा राहते. अवघड वाटेवर याच्या तोडीच्या गाड्या थोड्या. लांबच्या हायवेला मात्र आवाज आणि कमी वेग सोसावा लागतो. सोव्हिएत गाझ-६६ चं इंजिन केबिनमध्ये दोन सीटांच्या मधे आहे, त्यामुळे गिअरचा दांडा ड्रायव्हरच्या मागच्या बाजूला गेला आहे. पाठ किंवा खांदा दुखरा असेल, तर विकत घेण्याआधी त्या सीटवर बसून सगळे गिअर एकदा टाकून बघा.

आधुनिक गाडी हवी असेल, तर एलएमटीव्ही हा अमेरिकी लष्कराचा ट्रक आहे. ऑस्ट्रियाच्या श्टायर कंपनीच्या १२एम१८ या ट्रकवरून तो अमेरिकेत तयार झाला. कॅटरपिलरचं इंजिन, सात गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, चारही चाकांना सतत ताकद, आणि केबिनमध्ये बसल्या बसल्या टायरची हवा कमी-जास्त करायची सोय. सुरुवातीच्या गाड्यांत प्रोपेलर शाफ्टच्या थरथरीमुळे फ्लायव्हील हाउसिंगला तडे जायचे, म्हणून १९९८ मध्ये अमेरिकी लष्करानं त्यांचा वेग ताशी ३० मैलांवर आणला होता. दोष नंतर दुरुस्त केला गेला. जुन्या तुकडीतली गाडी घेत असाल, तर तिच्यात ती दुरुस्ती झाली आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बोलीआधी कागद

सगळ्यात जास्त मनस्ताप इथे होतो, आणि तो टाळताही येतो. विकणारा लष्करी विभाग गाडीची मालकी देतो; ती सार्वजनिक रस्त्यावर नोंदली जाईल याची हमी देत नाही. अमेरिकेत यासाठी एसएफ ९७ हा फॉर्म, म्हणजे गाडीच्या मालकीचा सरकारी दाखला, महत्त्वाचा. काही गाड्या ‘फक्त रस्त्याबाहेर वापरासाठी’ अशा शेऱ्यानिशी विकल्या जातात, आणि तो शेरा नंतर पुसणं फार जिकिरीचं होतं. जर्मनीत लष्कराच्या निकामी गाड्या फ्रांकफुर्टच्या वेबेग या सरकारी कंपनीमार्फत जातात. तिथेही यादीतली बारीक अक्षरं वाचूनच बोली लावावी. तुमच्या नोंदणी कार्यालयाला आधी लेखी विचारा : या मॉडेलची, या वर्षाची, या वजनाची गाडी खासगी म्हणून नोंदता का? उत्तर हातात आलं की मग बोली.

लायसन्सचंही तसंच. युरोपात साडेतीन टनांच्या वर सी१ वर्ग लागतो, साडेसात टनांच्या वर सी. अमेरिकेत व्यावसायिक लायसन्सची सीमा २६,००१ पाउंड, म्हणजे सुमारे ११.८ टन. इथे मोजतात ते गाडीचं पूर्ण भारासह ठरवलेलं वजन. हौदा रिकामा आहे हे कारण चालत नाही. विमा कंपनीला ‘जुना ट्रक’ एवढंच सांगू नका. लष्करी बनावट, वजन आणि खासगी वापर तिन्ही लेखी कळवा, म्हणजे दाव्याच्या वेळी वाद होणार नाही.

आणि गाडीची उंची मोजा, म्हणजे ती तुमच्या शेडमध्ये आणि वाटेतल्या कमानींखालून जाईल का हे आधीच कळेल. कमानींवर ताडपत्री चढवलेला एम३५ए२ सुमारे २.८ मीटर उंच असतो.

गाडी बघायला गेल्यावर

मीटरवर कमी आकडा दिसला की माणूस हरखतो. लष्करी ट्रकबाबत त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. डेपोत गाडी पुन्हा बांधली जाते तेव्हा मीटर बदललेला असू शकतो. आणि खरोखरच कमी चाललेली गाडी बहुधा वर्षानुवर्षं उभी असते. उभ्या गाडीत सील कडक होतात, रबरी होज चिरतात, टाकीत पाणी साठतं, ब्रेकचे व्हील सिलिंडर जाम होतात. रोज चाललेला, नीट नोंदी असलेला ट्रक आम्ही केव्हाही पसंत करू.

मीटरपेक्षा डॅशबोर्डवरच्या धातूच्या पट्ट्या वाचा. मॉडेल, करार क्रमांक, लष्कराला दिल्याची तारीख, वजनं, प्रत्येक गिअरमधला कमाल वेग. पुनर्बांधणी झाली असेल तर तिची वेगळी पट्टी. सगळ्यांचे फोटो घ्या. मग एक्सलचे आणि गिअरबॉक्सचे प्लग सोडून थोडं तेल बोटावर घ्या. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलं आहे. चेसिसचे जोड, पाट्यांच्या शॅकल, हौद्याखालचे आडवे बीम आणि फाळक्याच्या बिजागऱ्या टॉर्च लावून बघा. गंज तिथून सुरू होतो.

ब्रेक

इथे घाई नको. एम३५ए२ला हवेच्या मदतीनं चालणारे हायड्रॉलिक ब्रेक आहेत. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधून दाब ‘एअर पॅक’कडे जातो, तिथे दाबलेली हवा तो वाढवते, आणि मग तो सगळ्या चाकांना पोचतो. अडचण अशी की सगळी चाकं एकाच सर्किटवर आहेत. कुठलाही एक होज फुटला, एका व्हील सिलिंडरचं सील गेलं, तर पेडल थेट तळाला जातं आणि सहाही चाकांचे ब्रेक एकदम नाहीसे होतात. हँडब्रेक ट्रान्सफर केसमागच्या (पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीमागच्या) ड्रमवर चालतो. उभी गाडी तो धरून ठेवतो. उतारावर धावणारा सहा टनी ट्रक थांबवायला त्याच्यावर विसंबू नका.

म्हणून आमच्याकडे आलेल्या अशा प्रत्येक ट्रकचे सगळे रबरी होज आम्ही दिसायला चांगले असले तरी बदलतो, आणि सहाही ड्रम उघडतो. ग्राहकाला हा खर्च जड वाटतो, तरी याबाबतीत आम्ही तडजोड करत नाही. दोन सर्किटांचा मास्टर सिलिंडर बसवून घेता येतो, आणि कुटुंबाला घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाला आम्ही तो सुचवतो.

ब्रेक ऑइलकडे लक्ष असू द्या. अमेरिकी लष्करानं १९८० च्या दशकात सिलिकॉनचं ऑइल वापरायला सुरुवात केली, म्हणजे डॉट ५. ते बहुधा जांभळट असतं, जुनं झालं की रंग उडतो. दुकानात सहज मिळणारं डॉट ३ किंवा डॉट ४ त्यात मिसळत नाही. रस्त्यात पातळी कमी दिसली म्हणून हाताला लागेल ते ओतू नका. हवेच्या टाक्यांचे खालचे कॉक मात्र रोज उघडा. आतून तपकिरी पाण्याची चिळकांडी उडते, ती स्वच्छ होईपर्यंत उघडे ठेवा.

जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम हवेच्या पाइपनं झटकू नका. ओल्या फडक्यानं पुसा.

चाकं : इथे माणसं दगावतात

अनेक लष्करी रिम दोन किंवा तीन तुकड्यांच्या असतात. टायर जागेवर धरून ठेवते ती बाहेरची लॉकिंग रिंग. ती नीट बसलेली नसताना हवा भरली, तर सुटून बाहेर येते, आणि समोर उभ्या माणसाला ठार करण्याइतका तिचा जोर असतो. अशा चाकात हवा ते लोखंडी सुरक्षा-पिंजऱ्यात ठेवूनच भरायची, लांब पाइपला क्लिप लावून, आणि स्वतः बाजूला उभं राहून.

बोल्टनं जोडलेल्या दोन तुकड्यांच्या रिमवर नटांच्या दोन ओळी दिसतात. एक ओळ चाक गाडीला धरते, दुसरी रिमचे दोन भाग एकमेकांना. हवा भरलेली असताना दुसऱ्या ओळीला पाना लावायचा नाही. आम्ही अशा रिमवरचे ते नट लाल रंगवून देतो, पण रंग उडतो. त्यामुळे चाक काढण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडायची सवयच लावून घ्या. मागच्या जोडचाकांत दोन्हींची हवा सोडा.

टायरचं वय बाजूवरच्या चार आकड्यांवरून कळतं : २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे दिसले तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे. नक्षी कितीही खोल असली तरी त्यावर रस्ता धरू नका.

२४ व्होल्टची वीज आणि दिव्यांचा स्विच

एम३५ए२मध्ये बॅटऱ्या दोन, प्रत्येकी १२ व्होल्टच्या, एकामागे एक जोडलेल्या. रेडिओ किंवा फोनचा चार्जर एकाच बॅटरीवरून घेतला, तर ती अर्धवट भरलेली राहते, दुसरी वाजवीपेक्षा जास्त चार्ज होते, आणि दोन्ही लवकर जातात. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावा. साध्या मोटारीवरून जंपस्टार्ट करू नका.

अमेरिकी ट्रकांत दिव्यांचा स्विच तीन दांड्यांचा असतो. वरचा मोठा दांडा नेहमीच्या दिव्यांकडे वळवायचा, तर खालचा एक दांडा आधी उचलून कुलूप सोडावं लागतं. अंधारात लपून जाताना चुकून उजेड होऊ नये म्हणून ही रचना. यात नव्या मालकाला माहीत नसलेली एक गोष्ट आहे. स्विच ‘बंद’वर असेल, तर ब्रेक दाबल्यावर मागचे लाल दिवे लागत नाहीत. दिवसा चालवतानाही तो ‘स्टॉप लाइट’वर ठेवावा लागतो. पहिल्याच दिवशी मागे माणूस उभा करून हे पडताळा.

रंग आणि डायल

१९८० च्या दशकापासून अमेरिकी गाड्यांना रासायनिक हल्ल्याला टिकणारा ‘कार्क’ रंग देतात. त्याच्या खालच्या प्रायमरमध्ये घातक क्रोमियम असू शकतं, आणि रंग तापला की विषारी वाफा निघतात. जुन्या रंगांत शिसं असतं. त्यामुळे कोरडं घासणं नको, आणि रंग काढल्याशिवाय वेल्डिंग किंवा गॅसकटर नको. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या आणि त्यानंतरच्याही काही डायलवर रेडियमचा चमकणारा रंग आहे. काच फोडू नका, काटे खरवडू नका.

चालवताना

पुढचा एक्सल गरजेपुरता जोडायची सोय असेल, तर तो चिखलात, वाळूत, बर्फात जोडा. कोरड्या डांबरावर जोडून वळलात, तर पुढची-मागची चाकं वेगळ्या गतीनं फिरू पाहतात आणि सगळा ताण शाफ्टवर येतो. टर्बो असलेलं इंजिन बंद करण्याआधी दोन-चार मिनिटं मंद चालू द्या. खोल पाण्यातून गेल्यावर त्याच आठवड्यात एक्सलचं तेल आणि हबचं ग्रीस बघा.

पुस्तिका आणि पहिली भेट

अमेरिकी गाड्यांच्या दुरुस्तीच्या पुस्तिका खुल्या आहेत आणि अप्रतिम आहेत. एम३५ए२ साठी टीएम ९-२३२०-३६१ ही मालिका. शेवटी -१० असेल ती चालकासाठी, -२० युनिटच्या फिटरसाठी, -३४ मोठ्या दुरुस्तीसाठी. -१० मध्ये गाडी हलवण्याआधी, चालवताना आणि उभी केल्यावर काय काय बघायचं याचा तक्ता आहे. आमच्या प्रत्येक ग्राहकाला आम्ही तो छापून केबिनमध्ये लावून देतो.

बोली लावण्याआधी पाहणी हवी असेल, तर लिलावातला लॉट क्रमांक, डॅशबोर्डवरच्या पट्ट्यांचे फोटो, चारही बाजूंनी आणि खालून काढलेले फोटो, टायरवरच्या आकड्यांचे फोटो आणि नोंदणी कार्यालयाचं लेखी उत्तर पाठवा. ट्रक आधीच घेतला असेल, तर तो स्वतः चालवत आणू नका. ब्रेक उघडून बघेपर्यंत त्यानं ट्रेलरवरूनच यावं.