एव्हरेस्ट साहेबांनी एव्हरेस्ट शोधलं नाही

जॉर्ज एव्हरेस्ट यांनी जगातलं सर्वोच्च शिखर शोधलं आणि मोजलं, असं आपण शाळेपासून ऐकत आलोय. ते खरं नाही.

1823 मध्ये हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे (त्रिकोण आखून देश मोजायच्या मोहिमेचे) प्रमुख विल्यम लॅम्बटन आपल्या हिंगणघाटला वारले (त्यांची कबर तिथेच आहे) आणि मोहिमेची धुरा एव्हरेस्ट यांच्याकडे आली. दक्षिणेतून सुरू झालेली मोजणी त्यांनी डेहराडूनपर्यंत नेली. त्यांचं खरं मोठेपण तिथे आहे. पण 1843 मध्ये ते निवृत्त होऊन इंग्लंडला परतले.

शिखराची निरीक्षणं 1849-50 मधली. बिहारच्या सपाटीवरून, पावणेदोनशे किलोमीटरवरून जेम्स निकोल्सन यांनी थिओडोलाइट (कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) रोखून कोन घेतले. हवेत किरण वाकतात, त्याची दुरुस्ती करायची, सहा ठिकाणांहून मिळालेल्या शिखराच्या उंचींची सरासरी काढायची: हे किचकट गणित सर्वेक्षण खात्याच्या गणकांनी, म्हणजे आकडेमोड करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी केलं. त्यांचे प्रमुख होते राधानाथ सिकदार. उत्तर आलं 29,002 फूट.

शिखराला एव्हरेस्ट हे नाव त्यांच्यानंतरचे सर्वेक्षण प्रमुख अँड्र्यू वॉ यांनी 1856 मध्ये सुचवलं. खुद्द एव्हरेस्ट यांनीच हरकत घेतली होती, इथल्या लोकांना हे नाव उच्चारता येणार नाही म्हणून. आणि ते स्वतःचं आडनाव ‘ईव्हरेस्ट’ असं उच्चारत.