साठ दिवसांचं वचन : नेपाळचे बेपत्ता आणि लांबलेला न्याय

२१ नोव्हेंबर २००६ रोजी नेपाळचे पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला आणि माओवाद्यांचे नेते पुष्पकमल दहाल ऊर्फ प्रचंड यांनी विस्तृत शांतता करारावर सह्या केल्या आणि दहा वर्षांचं युद्ध संपलं. त्या करारातलं एक कलम अगदी साधं होतं. युद्धात दोन्ही बाजूंनी ज्यांना मारलं किंवा बेपत्ता केलं, त्यांची नावं आणि पत्ते साठ दिवसांत जाहीर करायचे आणि घरच्यांना कळवायचं. जानेवारी २००७ मध्ये ही मुदत संपली. पूर्ण यादी ना सरकारनं दिली, ना माओवाद्यांनी.

मराठीत आपण सहज म्हणतो, 'अमुक बेपत्ता झाला'. जणू तो आपणहूनच कुठे निघून गेला. नेपाळी कुटुंबं मात्र 'बेपत्ता पारिएका' हाच शब्द धरून असतात. त्याचा अर्थ, बेपत्ता केले गेलेले. त्या क्रियापदात कुणाचा तरी हात आहे, आणि तो कुणाचा हे सांगावं, एवढ्याचसाठी ही माणसं वर्षानुवर्षं अर्ज करत आली आहेत.

बेपत्ता माणसांचा सगळ्यात मोठा आकडा बर्दिया या एका जिल्ह्यातला आहे. तो तिथलाच का, हे समजायला बरंच मागे जावं लागतं. नेपाळच्या पश्चिम तराईतला हा सखल, जंगलाचा मुलूख १८१६ च्या सुगौली तहानंतर इंग्रजांकडे गेला होता. १८५७ चा उठाव मोडायला जंगबहादूर राणा यांनी फौज पाठवली, त्याची परतफेड म्हणून इंग्रजांनी १८६० मध्ये तो नेपाळला परत दिला. आजही त्याला 'नया मुलुक' म्हणतात. (उठाव फसल्यावर नानासाहेब पेशव्यांच्या घरातल्या स्त्रियांना काठमांडूत आसरा देणारेही हेच जंगबहादूर.) इथे मलेरियाचा कहर असे, त्यामुळे डोंगरातली माणसं खाली उतरायला धजत नसत. जमीन कसत होते ते तराईतले आदिवासी थारू. १९५० आणि ६० च्या दशकांत डीडीटीची फवारणी झाली, मलेरिया हटला आणि पहाडातून वस्ती उतरू लागली. सरकारदरबारी ओळख असलेल्यांनी जमिनी नावावर करून घेतल्या. ज्यांच्याकडे कागद नव्हता ते थारू बघता बघता आपल्याच शेतावर 'कमैया' म्हणजे वेठबिगार झाले. मालकाकडून घेतलेल्या कर्जाला 'सौंकी' म्हणत, आणि ते बापाकडून मुलाकडे येई. १७ जुलै २००० रोजी सरकारनं कमैया पद्धत बंद केली, पण पायाखाली जमीन दिली नाही. हजारो कुटुंबं मालकाच्या घरातून निघाली ती रस्त्याकडेच्या झोपड्यांत येऊन पडली.

माओवाद्यांचं युद्ध तोवर चार वर्षांचं झालं होतं. माओवाद्यांचे नेते बाबुराम भट्टराई यांनी तेव्हाचे पंतप्रधान शेरबहादूर देउबा यांच्याकडे ४० मागण्या दिल्या होत्या आणि १३ फेब्रुवारी १९९६ रोजी रोल्पा, रुकुम, गोरखा आणि सिंधुली इथे पहिले हल्ले झाले. त्या मागण्यांत कसणाऱ्याची जमीन होती, जातीय छळाचा अंत होता, बायकांना वारसाहक्क होता. १८५४ च्या मुलुकी ऐन या कायदेसंहितेनं जातींच्या उतरंडीत कायद्यानंच खाली बसवलेल्या समाजाला या मागण्या आपल्या वाटल्या, यात नवल नाही. नेमक्या याच कारणामुळे थारू असणं म्हणजे माओवादी असणं, असं पुढे सैन्यानं धरलं.

सुरुवातीची वर्षं लढाई पोलिसांपुरती होती. नोव्हेंबर २००१ मध्ये माओवाद्यांनी दांगमधल्या सैन्यतळावर हल्ला केला, आणीबाणी लागली, सैन्य उतरलं आणि खटल्याशिवाय ९० दिवस डांबून ठेवण्याचा अधिकार सुरक्षा दलांच्या हाती आला. पुढच्या वर्षभरात बर्दियात रात्री घरं उघडून माणसं नेली जाऊ लागली. त्यातली कित्येक चिसापानीच्या लष्करी बराकीत नेल्याचं कुटुंबांनी सांगितलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं डिसेंबर २००८ मध्ये या जिल्ह्याचा अहवाल काढला. त्यात नोंदलेल्या १७० प्रकरणांपैकी १५६ सरकारी दलांच्या आणि १४ माओवाद्यांच्या खाती होती. थारूंची लोकसंख्या जिल्ह्यात निम्म्याच्या आसपास, पण बेपत्तांमध्ये बहुतांश तेच. जमिनीचा वाद होता आणि कुणीतरी नाव सांगितलं, असं सांगणारी घरंही त्यात होती.

माओवाद्यांचे हातही स्वच्छ नव्हते. जून २००५ मध्ये चितवनमधल्या मादी इथे त्यांनी सुरुंगानं प्रवासी बस उडवली आणि पस्तीसहून अधिक माणसं मेली. शाळकरी मुलं फौजेत ओढली. दहा वर्षांतल्या मृतांचा आकडा मोजणाऱ्यानुसार १३ हजारांपासून १७ हजारांपर्यंत जातो, आणि आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या यादीत बेपत्ता १,३०० हून अधिक आहेत. याच काळात पश्चिम नेपाळची तरणी पोरं गाव सोडून भारतात आली. कोकणातल्या आंबाबागांत राखणीला असलेल्या नेपाळ्यांशी बोलताना हा काळ फार दूरचा वाटत नाही.

शांतता आल्यावर हातात शस्त्र असलेल्यांचा प्रश्न आधी सुटला. संयुक्त राष्ट्रांच्या पथकानं १९,६०२ लढवय्ये पात्र ठरवले, त्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या. पुढे सुमारे १,४०० जण सैन्यात गेले आणि बाकीचे बहुतेक पाच ते आठ लाख नेपाळी रुपये घेऊन घरी परतले. भरतीच्या वेळी अल्पवयीन असलेल्या २,९७३ जणांना मात्र 'अयोग्य' हा शिक्का मारून २०१० मध्ये बाहेर काढलं. ज्यांच्याकडून धोका होता त्यांच्याशी वाटाघाट झाली, ज्यांच्याकडून नव्हता त्यांना थांबायला सांगितलं गेलं. मला या साऱ्या इतिहासातली ही सगळ्यात कडू गोष्ट वाटते.

सर्वोच्च न्यायालयानं १ जून २००७ रोजीच बेपत्तांसाठी कायदा आणि आयोग करायला सांगितलं होतं. सत्य निरूपणाचा म्हणजे सत्य शोधण्याचा आणि बेपत्तांचा, असे दोन आयोग नेमले गेले फेब्रुवारी २०१५ मध्ये, तेही माफीची तरतूद असलेल्या कायद्याखाली, आणि त्याच महिन्यात न्यायालयानं ती तरतूद रद्द केली. दिरंगाईचं कारण उघड आहे. सैन्याला चौकशी नको होती, सत्तेत आलेल्या माओवाद्यांनाही नको होती. २०१६ मध्ये सत्तेतल्या पक्षांनी आपसात केलेल्या नऊ कलमी समझोत्यात युद्धकाळातले खटले मागे घेण्याचं कलम होतं.

सत्य निरूपण आयोगाकडे ६३ हजारांहून अधिक तक्रारी आल्या, त्यात लैंगिक अत्याचाराच्या जेमतेम तीनशे. बलात्काराची तक्रार ३५ दिवसांतच करायची, असा युद्धकाळात कायदा होता. बराकीतून सुटलेली बाई कोणत्या पोलिसाकडे जाणार होती? मृतांच्या वारसांना टप्प्याटप्प्यानं दहा लाखांपर्यंत मदत मिळाली, पण बलात्कार आणि छळ सोसलेल्यांना अंतरिम मदतीच्या यादीत जागाच नव्हती.

गोरखा जिल्ह्यातल्या एका जोडप्याचा मुलगा २००४ मध्ये चितवनमध्ये माओवाद्यांकडून मारला गेला. दोघं काठमांडूत उपोषणाला बसले. सप्टेंबर २०१४ मध्ये, अकरा महिन्यांच्या उपोषणानंतर, वडील गेले. न्याय मिळाल्याशिवाय अंत्यसंस्कार होऊ देणार नाही, असं घरच्यांनी ठरवलं आणि त्यांचा देह काठमांडूतल्या रुग्णालयाच्या शवागारात वर्षानुवर्षं पडून राहिला.

अखेर ऑगस्ट २०२४ मध्ये कायदा सुधारला. जाणूनबुजून केलेली हत्या, बेपत्ता करणं, क्रूर छळ आणि बलात्कार यांना माफी नाही, आणि लैंगिक अत्याचार सोसलेल्यांना तक्रारीसाठी नव्यानं तीन महिने. मात्र गुन्हेगाराची शिक्षा ७५ टक्क्यांपर्यंत कमी करण्याची वाटही त्यातच आहे. मे २०२५ मध्ये नवे आयोग नेमले तेव्हा निवडीत आपल्याला विचारलं नाही म्हणून पीडितांच्या अनेक संघटनांनी ते नाकारले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तरुणांच्या सरकारविरोधी उद्रेकात सर्वोच्च न्यायालयाची इमारत जळाली, तिच्याबरोबर कितीतरी फायलीही.

बर्दियात नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईनं सिंदूर लावला तर गाव बोलतं, पुसला तर तिनंच त्याला मारल्यासारखं होतं. शेत त्याच्या नावावर, मुलांच्या नागरिकत्वाच्या कागदासाठी बापाचा पुरावा मागितला जाई, आणि बाप जिवंत की मेला हे सांगणारा कागद कुणीच देत नाही. काही घरांनी कुशाच्या गवताची आकृती करून तिलाच अग्नी दिला. बाकीच्यांचं मागणं एवढंच आहे : 'सास कि लास'. श्वास तरी द्या, नाही तर शव तरी.