स्वतंत्र माहिती संशोधन व्यवसाय

कंपन्या, वकील, सल्लागार व संस्था यांना हवी असलेली माहिती मोबदला घेऊन शोधणे, पारखणे आणि वापरता येईल अशा रूपात मांडून देणे हा व्यवसाय. तो बहुधा एकटी व्यक्तीच चालवते. बाजारपेठेचा आढावा, प्रतिस्पर्धी कंपन्यांचा मागोवा, पेटंटशोध, वैद्यकीय व तांत्रिक साहित्याचा धांडोळा, संभाव्य देणगीदारांची पार्श्वभूमी, सार्वजनिक नोंदींची तपासणी अशी कामे त्यात येतात. ग्रंथपाल, पत्रकार, पेटंट विश्लेषक किंवा एखाद्या उद्योगात बरीच वर्षे काढलेले लोक या वाटेला वळतात. शोध घेण्याचे कसब त्यांच्याकडे आधीच असते. धंदा अडतो तो ग्राहक मिळवणे, कामाची हद्द आखणे आणि स्वतःच्या तासांचा भाव लावणे या तीन ठिकाणी.

पूर्वपीठिका

दूरध्वनीवरून प्रश्न विचारणाऱ्याला माहिती पुरवणारी ‘एसव्हीपी’ ही सेवा फ्रान्समध्ये १९३५ साली सुरू झाली. तिच्याच नावाचा आधार घेतलेली ‘फाइंड/एसव्हीपी’ ही कंपनी १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये उभी राहिली. व्यवसायाला खरी गती दिली ती ऑनलाइन डेटाबेसांनी. लॉकहीड कंपनीची ‘डायलॉग’ ही सेवा १९७२ मध्ये व्यावसायिक तत्त्वावर खुली झाली आणि कायद्यासाठीची ‘लेक्सिस’ १९७३ मध्ये आली. त्या काळी जोडणीच्या वेळेनुसार पैसे मोजावे लागत. म्हणून शोधसूत्र आधी कागदावर तयार करून मोजक्या मिनिटांत नेमके उतरवून घेणारा माणूस ग्राहकाचे पैसे उघडउघड वाचवत असे. १९८७ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे मॅरिलिन लेव्हिन यांच्या पुढाकाराने ‘असोसिएशन ऑफ इंडिपेंडंट इन्फर्मेशन प्रोफेशनल्स’ ही संघटना स्थापन झाली. वेब आल्यावर ‘माहिती तर फुकट मिळते’ ही समजूत पसरली आणि सोप्या प्रश्नांची कामे हातची गेली. उरली ती विखुरलेली, परस्परविरोधी किंवा पैसे मोजूनच मिळणारी माहिती जुळवण्याची कामे. आजचा धंदा बव्हंशी त्यांवरच चालतो.

तासांचे गणित

आठवड्याला ४० तास धरले तर वर्षाचे २,०८० होतात. सुट्या, आजारपण आणि सणवार यांचे सहा आठवडे वजा केले की १,८४० उरतात. यातले निम्मे ग्राहक शोधणे, कोटेशन देणे, हिशेब, नवे डेटाबेस शिकणे यांतच जातात. बिल लावता येण्याजोगे तास राहतात सुमारे ९२०. नोकरीतल्या ताशी पगाराइतकाच दर लावणाऱ्याचे उत्पन्न त्यामुळे निम्म्याहूनही खाली येते. जुन्या पगाराची बरोबरी करायलाच सव्वादोनपट दर लागतो. डेटाबेसांची वर्गणी, विमा, उपकरणे आणि मालकाकडून मिळणाऱ्या सवलतींची भरपाई धरली तर तो अडीच ते तीनपटीवर जातो. हा आकडा पाहून बिचकणारे पुष्कळ असतात, पण कमी दराने जास्त कामे घेऊन तूट भरून निघत नाही, कारण वाढवायला तासच शिल्लक नसतात. म्हणून या व्यवसायाची वाढ कामांच्या संख्येपेक्षा दर तासाच्या मोलावर अधिक अवलंबून असते.

ग्राहकाला मात्र ताशी दर सांगण्यापेक्षा संपूर्ण कामाची रक्कम सांगणे बरे. ताशी दर ऐकला की तो त्याची तुलना स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या पगाराशी करतो. शिवाय काम झटपट उरकणाऱ्या कुशल संशोधकाचेच त्यात नुकसान होते. रकमेचा अंदाज बांधताना कामाचे तुकडे पाडावेत. उदाहरणार्थ २० तासांच्या कामात सुरुवातीची बोलणी व आराखडा २, प्रत्यक्ष शोध ७, वाचन व निवड ४, लेखन ५ आणि पडताळणी २ तास खाते. नवखे फक्त शोधाचे तास मोजतात आणि उरलेले १३ तास फुकट करतात. डेटाबेसचा व कागदपत्रे मागवण्याचा खर्च वेगळा दाखवावा किंवा ‘या रकमेपेक्षा जास्त होणार नाही’ अशी कमाल मर्यादा लिहून द्यावी. विषय अनोळखी असेल, तर आधी तीन ते पाच तासांची सशुल्क चाचपणी करावी आणि तिच्या निष्कर्षांवरून मोठ्या कामाचे कोटेशन द्यावे. चाचपणीलाही पैसे द्यायला नकार देणारा ग्राहक पुढे हद्दीवरून हुज्जत घालण्याचीच शक्यता अधिक.

काम स्वीकारण्यापूर्वीचे बोलणे

ग्रंथालयशास्त्रात जिला संदर्भ मुलाखत म्हणतात, ती इथे व्यवसायाचा कणा आहे. ग्राहक मागतो ती गोष्ट आणि त्याला लागते ती गोष्ट बहुधा वेगळ्या असतात. ‘बॅटरी पुनर्प्रक्रिया उद्योगाबद्दल सगळे काही हवे’ असे सांगणाऱ्याला प्रत्यक्षात पुढच्या वर्षी कारखाना काढावा की नाही एवढेच ठरवायचे असते. त्यासाठी भंगाराचा खरेदीभाव, चार-दोन स्पर्धकांची क्षमता आणि येऊ घातलेले नियम पुरतात. म्हणून पहिला प्रश्न निर्णयाचा: या माहितीवरून काय ठरवायचे आहे, आणि कधीपर्यंत? मग अहवाल कोण वाचणार, आधी कुठे शोधून झाले आहे, कोणता देश व कोणता काळ, उत्तर आकड्यांत हवे की वर्णनात, आणि किती खर्च करण्याची तयारी आहे. ‘काहीच सापडले नाही, तर त्याचा तुम्हाला काही उपयोग होईल का?’ हा प्रश्न सहसा विसरला जातो. पेटंटच्या कामात काही न सापडणे हीच चांगली बातमी असू शकते, तर बाजारपेठेच्या कामात तो निव्वळ खर्च वाटतो.

बोलणे झाल्यावर त्याच दिवशी एक पानी पत्र पाठवावे. त्यात प्रश्न, त्याची हद्द, वगळलेल्या बाबी, अहवालाचे स्वरूप, तारीख, रक्कम आणि देयकाच्या अटी असाव्यात. नव्या ग्राहकाकडून अर्धी रक्कम आगाऊ घेण्याची पद्धत रूढ आहे. काम अर्ध्यावर असताना ‘जाता जाता हेही पाहा’ अशी मागणी येतेच. तिला नकार देण्यापेक्षा जादा तासांचे छोटे कोटेशन लगेच धाडणे सोयीचे. मागणी खरी असेल तर मंजुरी येते, नसेल तर विषय आपोआप मिटतो.

शोधाची शिस्त

प्रश्नाचे दोन-तीन संकल्पनांत तुकडे करून प्रत्येकीखाली समानार्थी शब्द, जुनी नावे, संक्षेप आणि वर्तनीभेद मांडलेला तक्ता आधी तयार करावा. एका संकल्पनेतले शब्द ‘किंवा’ने आणि संकल्पना एकमेकींशी ‘आणि’ने जोडायच्या. ‘नाही’ हा जोडशब्द जपून वापरावा, कारण नको त्या लेखांबरोबर हवे तेही त्याने गळतात. डेटाबेसला स्वतःची नियंत्रित शब्दावली, म्हणजे लेखांना जोडायच्या ठरावीक विषयशब्दांची यादी, असेल तर ती व साधे शब्द दोन्ही वापरावे लागतात. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसमधल्या सगळ्याच नोंदींना ‘मेश’ या त्याच्या शब्दावलीतले शब्द जोडलेले नसतात, त्यामुळे केवळ त्यांवर विसंबले तर ताजे लेख हुकतात. पेटंटमध्ये शब्दांपेक्षा वर्गीकरणाचे संकेतांक अधिक भरवशाचे, कारण अर्जदार साध्या वस्तूलाही मुद्दाम मोघम नाव देतात. शिवाय अर्ज सर्वसाधारणपणे अग्रक्रम तारखेनंतर (त्या शोधाचा पहिला अर्ज दाखल झाल्याच्या तारखेनंतर) १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतात. अगदी नवे अर्ज शोधात दिसूच शकत नाहीत, हे अहवालात स्पष्ट लिहायला हवे. तसे न लिहिल्यास ग्राहक ‘मैदान मोकळे आहे’ असे गृहीत धरून बसतो.

प्रत्येक शोधाची नोंद ठेवावी: तारीख, डेटाबेस, जसेच्या तसे शोधसूत्र, मिळालेल्या व ठेवलेल्या नोंदींची संख्या. सहा महिन्यांनी तेच काम अद्ययावत करायचे झाले, तर ही वही निम्मा वेळ वाचवते. ‘सापडले नाही’ असे सांगतानाही कुठे-कुठे आणि कसे शोधले याचा तोच पुरावा असतो.

बाजारपेठेच्या आकड्यांत एक सापळा कायम असतो. दहा लेखांत एकच आकडा दिसला म्हणजे तो दहा ठिकाणांहून पक्का झाला असे नाही. मागे जात राहिले की बहुतेकदा एखादा अहवाल विकणाऱ्या कंपनीचे प्रसिद्धिपत्रक निघते. मूळ स्रोतापर्यंत पोहोचता आले नाही, तर आकड्याशेजारी तसे लिहावे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने समानार्थी शब्द सुचवायला आणि लांब मजकुराचा पहिला गोषवारा काढायला कामाची आहेत. पण ती अस्तित्वात नसलेले लेखही बिनदिक्कत उद्धृत करतात. तेव्हा त्यांनी दिलेला प्रत्येक संदर्भ उघडून पाहिल्याशिवाय अहवालात जाता कामा नये. ग्राहकाची गोपनीय माहिती अशा साधनात टाकण्यापूर्वी त्याची परवानगी आणि साधनाच्या अटी दोन्ही तपासाव्यात.

अहवाल

पहिल्या पानावर उत्तर असावे. त्यापाठोपाठ ते कशावर आधारले आहे, किती भरवशाचे आहे आणि कोणत्या फटी राहिल्या आहेत, हे यावे. तपशील, तक्ते आणि स्रोतांची यादी मागे. दोनशे लेखांचा गठ्ठा पाठवणे म्हणजे ग्राहकाचेच काम त्याला परत करणे. पंधरा लेख निवडून प्रत्येकाखाली ‘हा का महत्त्वाचा’ अशी दोन ओळींची टीप दिली, तर त्याच शोधाला जास्त दर मिळतो. कायद्याचा किंवा वैद्यकीय सल्ला देण्याचा मोह मात्र टाळावा. माहिती काय सांगते एवढेच लिहावे आणि जबाबदारीची मर्यादा करारात नमूद करावी. व्यावसायिक दायित्वाचा विमा असणे मोठ्या कंपन्यांना आवश्यकच वाटते.

परवाना आणि नीती

विद्यापीठांच्या व सार्वजनिक ग्रंथालयांच्या डेटाबेस वर्गणीत व्यावसायिक वापराला बहुधा मनाई असते. माजी विद्यार्थ्याच्या किंवा वाचकाच्या खात्यातून ग्राहकासाठी शोध घेणे हा करारभंग ठरू शकतो, आणि नवखे नेमके तेच करतात. लेख खरेदी केला म्हणजे तो ग्राहकाच्या पन्नास कर्मचाऱ्यांत वाटण्याचा हक्क मिळत नाही. ही अट ग्राहकाला समजावणे संशोधकाचे काम आहे. दूरध्वनीवर मुलाखती घेताना स्वतःचे नाव व व्यवसाय खरा सांगावा. विद्यार्थी किंवा खरेदीदार असल्याची बतावणी करून स्पर्धकाकडून माहिती काढणे व्यावसायिक नीतीत बसत नाही. अशा बतावणीने कोणाची बँकेतली माहिती काढणे अमेरिकेत १९९९ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. एकाच वेळी दोन थेट प्रतिस्पर्ध्यांचे एकाच विषयावरचे काम घेऊ नये.

ग्राहक मिळवणे आणि टिकवणे

‘कोणत्याही विषयावरचे संशोधन’ ही जाहिरात कोणाच्याच लक्षात राहत नाही. ‘वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांसाठी नियम व स्पर्धकांचा मागोवा’ म्हटले की ऐकणाऱ्याला लगेच दोन माणसे आठवतात. क्षेत्र निवडताना स्वतःच्या आवडीबरोबरच तिथे चुकीच्या निर्णयाची किंमत किती मोठी आहे, हे पाहावे. जिथे ती मोठी, तिथेच माहितीवर पैसे खर्च होतात. माहिती व्यावसायिकांच्या मेळाव्यांत शिकायला मिळते आणि उपकंत्राटेही मिळतात, पण ग्राहक भेटतात ते त्यांच्या स्वतःच्या उद्योगाच्या परिषदांत. तिथे ‘शोध कसा घ्यावा’ यावर बोलण्यापेक्षा त्यांच्या क्षेत्रातला एखादा ताजा बदल दाखवणारे भाषण अधिक फळते.

ओळखीच्या लोकांपैकी काम देऊ शकतील किंवा दुसऱ्याचे नाव सुचवू शकतील अशा तीसेक जणांची यादी करावी आणि दर तिमाहीला प्रत्येकाला त्याच्या उपयोगाचे काहीतरी पाठवावे. ‘काही काम आहे का’ अशी विचारणा नको. अहवाल दिल्यावर दहा-बारा दिवसांनी फोन करून त्याचा काय उपयोग झाला, हे विचारावे. पुढचे काम बहुतेक वेळा त्याच फोनवर निघते. एकदा केलेल्या कामातून मासिक निरीक्षण सुचवता येते: ठरावीक स्पर्धक, पेटंट किंवा नियम यांवर लक्ष ठेवून महिन्याला दोन पानांचे टिपण, ठरलेल्या शुल्कात. अशी चार-पाच कामे असली की मंदीचे महिने निभावतात. एकाच ग्राहकाकडून एकतृतीयांशाहून जास्त उत्पन्न येऊ लागले, तर तो कितीही चांगला असो, नवे ग्राहक शोधण्याचे काम त्याच महिन्यात वाढवावे.

कामे तासांत मावेनाशी झाली की आधी नव्या ग्राहकांसाठी दर वाढवावा आणि जुन्यांना पुढच्या वर्षापासून तो लागू होईल असे कळवावे. सर्वांत कमी पैसे देऊन सर्वांत जास्त वेळ खाणाऱ्या एक-दोघांना दुसऱ्या संशोधकाकडे सोपवावे. माणूस नोकरीवर ठेवण्याऐवजी उपकंत्राट देणे या व्यवसायात अधिक रूढ आहे. त्याच्या करारात तासांची मर्यादा, कच्च्या शोधनोंदी सोपवण्याची अट, गोपनीयता आणि ग्राहकाशी थेट संपर्क न करण्याचे कलम हवे. ग्राहकाकडून पैसे उशिरा आले तरी उपकंत्राटदाराचे ठरल्या तारखेला द्यावेत. तेवढी शिल्लक हाताशी नसताना काम वाटून देऊ नये. त्याने पाठवलेले प्रत्येक पान स्वतः तपासण्यासाठी कोटेशनमध्ये किमान १५ ते २० टक्के वेळ राखून ठेवावा, कारण अहवालावर नाव मूळ संशोधकाचेच जाते.