रक्तवाढीची गोळी आणि तिचा तोतया

कर्वेनगरात आमच्या वरच्या मजल्यावर सात वर्षांची एक मुलगी राहते. गेल्या वर्षी तिला रक्ताचा कर्करोग झाला. लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. आता ती घरी आहे, शाळेतही जाऊ लागली आहे. परवा तिच्या आजींनी मला जिन्यात थांबवलं. "पोर पांढरीफटक दिसते हो. हिच्या वेळी सुनेला रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या होत्या, लोह आणि फॉलिक ॲसिडच्या. मग हिला का देत नाहीत? मी टॉनिक आणून ठेवलंय."

आजींचा प्रश्न रास्त होता. मोठमोठ्या डॉक्टरांनाही एकेकाळी असंच वाटलं होतं.

त्याची सुरुवात आपल्या मुंबईतली आहे. ल्यूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर १९२८ साली तिथे आली. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांना जीवघेणा पंडुरोग का होतो, हे तिला शोधायचं होतं. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने फुगलेल्या असत. यीस्टच्या अर्काने या बायका बऱ्या होतात, हे तिने दाखवलं आणि १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. अर्कातलं नेमकं काय गुण देतं, हे मात्र तेव्हा कळलं नाही. १९४१ मध्ये अमेरिकेत काही टन पालक आटवून तो पदार्थ वेगळा काढला गेला. पानातून मिळाला म्हणून, पानाच्या लॅटिन शब्दावरून, नाव पडलं फॉलिक ॲसिड. त्या बायकांची नावं कुठेच घेतली जात नाहीत, याची मला खंत वाटते.

पुढे बॉस्टनच्या बालरुग्णालयात सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना फॉलिक ॲसिडच्या जातकुळीतली संयुगं देऊन पाहिली. आजार हटण्याऐवजी उसळला. पेशीला दोन व्हायचं तर डीएनएची नवी प्रत लागते आणि ती घडवायला फॉलिक ॲसिड लागतं. अस्थिमज्जेत बेसुमार वाढणाऱ्या कच्च्या पांढऱ्या पेशींना आयतं खाद्य मिळालं होतं. फार्बरनी यातून उलटा विचार केला: हे खाद्य तोडलं तर?

तोडणारं औषध आलं येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतून. भीमावरमचा हा माणूस न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली कंपनीत संशोधनाचा प्रमुख होता. त्यांच्या चमूने फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या बनवलंच, शिवाय त्याचे हुबेहूब दिसणारे तोतयेही बनवले. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या तोतयाला याच पुण्यात कित्येकांनी खरा मानला होता. पेशीतलं एक विकर (एन्झाइम) असंच फसतं. फॉलिक ॲसिड समजून ते तोतयाला धरतं आणि मग सोडत नाही. खऱ्याला जागाच उरत नाही, डीएनएचं काम अडतं, पेशी मरते.

अमिनोप्टेरिन हा त्यातला एक तोतया. फार्बरनी १९४८ च्या जूनमध्ये निष्कर्ष मांडले: १६ मुलांपैकी १० जणांचा आजार ओसरला होता. काही महिन्यांपुरताच, पण तोवर या आजारात तेवढंही घडत नसे. त्याच ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले, वयाच्या ५३ व्या वर्षी.

अमिनोप्टेरिनचा भाऊबंद मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. वरच्या मजल्यावरची मुलगी तेच घेते, इतर औषधांच्या जोडीने. रक्तातलं औषध मेंदूपर्यंत पुरेसं पोचत नाही, म्हणून पाठीच्या मणक्यातूनही ते दिलं जातं. सर्व औषधं मिळून उपचार दोन-तीन वर्षं चालतात आणि चांगल्या केंद्रांत आज दहांपैकी आठांहून अधिक मुलं बरी होतात. तोतया सगळ्याच वाढत्या पेशींना अडवतो, त्यामुळे तोंड येतं, रक्त उतरतं. मोठ्या डोसनंतर ल्युकोव्होरिन देऊन निरोगी पेशी वाचवतात. तेही फॉलिक ॲसिडचंच एक रूप, पण कधी आणि किती द्यायचं हे डॉक्टरच ठरवतात. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली, तर जिवावर बेतू शकतं. म्हणून पालकांना कळकळीने सांगतो: वार लिहून घ्या, आणि 'रक्तवाढीचं' काहीही मनाने सुरू करू नका.

आजींनी सगळं ऐकलं, मग विचारलं, "म्हणजे मी त्या आजारालाच खाऊ घातलं असतं?" संध्याकाळी टॉनिकची बाटली दुकानात परत गेली. त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात रविवारांवर लाल पेन्सिलीच्या फुल्या आहेत. त्या ती मुलगी स्वतः करते, गोळी गिळून झाल्यावर.